रक्तातली बातमी

मुलांनो, आजोबांच्या छातीत दुखलं, की डॉक्टर त्यांचं रक्त का बरं तपासतात? हृदयाच्या स्नायूंत ट्रोपोनिन नावाचं प्रथिन असतं. स्नायूंना इजा झाली, की ते झिरपून रक्तात उतरतं. साधारणपणे ट्रोपोनिन जितकं जास्त, तितकी इजा मोठी आणि पुढचा धोकाही अधिक. पण ही बातमी रक्तात पोचायला कधी कधी ३-४ तास लागतात. म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला, तरी डॉक्टर पुन्हा रक्त घेतात. तेव्हा आजोबा म्हणाले, "परत सुई कशाला? चला घरी!" तर त्यांना हे नीट समजावून सांगा हं! आणि घरात कुणाच्या छातीत दुखू लागलं, तर "गॅस असेल" म्हणून थांबायचं नाही. लगेच मोठ्यांना हाक मारा, १०८ला फोन करा.