जुन्या गाडीचा लळा

विजेची मोटार घेऊनही काही गृहस्थ जुनी पेट्रोलची गाडी मोडीत काढीत नाहीत, याचे आम्हांस नवल वाटत नाही. कॅसलरॉकहून गोव्यास जाताना अनमोड घाटात गिअर बदलणारा हात, इंजिनाचा सूर ओळखणारा कान, ही सुखे बॅटरीच्या गाडीत कोठून असणार? ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा लोक हळहळले ते धुरासाठी नव्हे, सोबतीसाठी.

परंतु उतारावर वाया जाणारी शक्ती विजेची गाडी काही अंशी बॅटरीत परत घेते आणि मोलेच्या अभयारण्यात धूर सोडीत नाही. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, जुनी गाडी आजीच्या लुगड्याप्रमाणे सणासुदीला काढावी. रोजचा प्रवास मात्र नवीनेच करावा.