नीटमध्ये नंबर हुकला, आता पुन्हा द्यायची? वर्षभरात नेमकं काय सुधारायचं ते समजून घ्या

नीटचा निकाल लागला की बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत प्रत्येक ओळखीचा माणूस एकच विचारतो, "काय झालं बाप्पा पोरीचं? लागला का नंबर?" पोरगी 'क्वालिफाय' झालेली असते, पण सरकारी कॉलेजात नंबर लागत नाही. खासगीची फी झेपणारी नसते. मग घरात बैठक बसते. एक काका म्हणतो, लातूरला पाठवा. दुसरा म्हणतो, बीएएमएस घेऊन टाका. आणि शेवटी निर्णय होतो, "एक वर्ष अजून देऊन पाहू."

पण त्या एका वर्षात सुधारायचं काय? बहुतेक घरांत याचं उत्तर असतं, "अजून जास्त अभ्यास." हे उत्तर अर्धवट आहे. नंबर हुकतो तो कधी पेपरात, कधी कागदपत्रांत आणि कधी पसंतीक्रमाच्या फॉर्ममध्ये. रिपीटर मुलं पहिल्या जागी जीव ओततात आणि उरलेल्या दोन जागा तशाच राहतात. म्हणून तिन्ही एकेक करून पाहू.

आधी आकड्यांचं गणित

२०२५ ची नीट देशभरात सुमारे २२ लाख ९ हजार मुलांनी दिली. त्यातली १२ लाख ३६ हजार पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा होत्या साधारण एक लाख १८ हजार, त्यातल्या सरकारी ढोबळमानाने निम्म्या. म्हणजे एका जागेमागे पात्र मुलं दहा.

त्या वर्षी खुल्या गटासाठी पात्रता गुण होते ७२० पैकी १४४. त्यामुळे 'क्वालिफाय झाली' या वाक्याचा अर्थ इतकाच, की प्रवेशाच्या रांगेत उभं राहायची परवानगी मिळाली. रांगेत कितवा नंबर आहे, हा खरा प्रश्न. व्हॉट्सॲपवर पेढे वाटून झाल्यावर ऑगस्टमध्ये अनेक घरांना जो धक्का बसतो, तो हा फरक न कळल्यामुळे.

दुसऱ्यांदा अर्ज करताना इथे काय बदलता येतं?

अमेरिकेत मेडिकलला नाकारलेला विद्यार्थी पुन्हा अर्ज करतो तेव्हा परीक्षेच्या गुणांसोबत बरंच काही बदलू शकतो. दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून काम करतो, नवीन शिफारसपत्रं मिळवतो, निबंध नव्याने लिहितो, मुलाखतीची तयारी करतो.

आपल्याकडे तसं काही नाही. बडनेऱ्याहून रेल्वेने दीड-दोन तासांवर असलेल्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजची पूर्वी स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यात गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. नीट आली आणि तो पेपर गेला. आता सगळीकडे एकच परीक्षा आणि एकच गुणवत्ता यादी. तुम्ही गावच्या आरोग्य शिबिरात राबलात की नाही, हे कोणी विचारत नाही.

यात एक बरी गोष्ट आहे. मागच्या वर्षीचं अपयश कुठेच मोजलं जात नाही. किती वेळा परीक्षा द्यायची याला मर्यादा नाही, आणि वयाची वरची अट मार्च २०२२ मध्ये निघाली. पुन्हा देणारा मुलगा आणि पहिल्यांदा देणारा मुलगा, दोघेही शून्यापासून सुरू करतात.

मार्क नाही, क्रमांक बघा

रिपीटरची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. "मागच्या वर्षी ताईच्या मैत्रिणीला ६०० ला मिळालं नव्हतं, मग मला ५२० ला काय मिळणार?" असा हिशोब घराघरांत चालतो.

२०२४ आणि २०२५ शेजारी ठेवून पाहा. २०२४ मध्ये ६०० च्या वर गुण मिळवणारी मुलं ८० हजारांच्या आसपास होती. २०२५ मध्ये पेपर, खासकरून भौतिकशास्त्राचा भाग, इतका कठीण गेला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते आणि ६०० च्या वर जेमतेम तेराशे मुलं गेली. एका वर्षात तोच आकडा सामान्यांतून दुर्मीळांत गेला. त्यामुळे "यंदा ५०० होते, पुढच्या वर्षी ६०० करू" हे लक्ष्य पोकळ आहे. पेपर सोपा निघाला तर ६०० सुद्धा कमी पडतील, कठीण निघाला तर ५२० सुद्धा पुरतील.

मग मोजायचं काय? राज्याच्या गुणवत्ता यादीतला तुमचा क्रमांक. सीईटी सेल प्रत्येक फेरीची निवड यादी संकेतस्थळावर टाकतो. त्यात तुमच्या प्रवर्गात सरकारी कॉलेजची शेवटची जागा कोणत्या क्रमांकाला गेली, ते शोधा आणि आपला क्रमांक शेजारी लिहा. तो आकडा थोडक्यात हुकला असेल तर वर्ष देण्यात अर्थ आहे. दुपटी-तिपटीचं अंतर असेल तर नुसत्या जिद्दीवर ते कापलं जात नाही, त्यासाठी काय बदलणार हे सांगता आलं पाहिजे.

स्वतःच्या चुकांचा पंचनामा

नीटमध्ये १८० प्रश्न असतात, बरोबर उत्तराला अधिक चार, चुकीला उणे एक. म्हणजे एक चूक दुरुस्त झाली की पाच गुणांचा फरक पडतो. घाईत चुकलेले २० प्रश्न म्हणजे तब्बल १०० गुण.

एनटीए प्रत्येक परीक्षार्थीची ओएमआर पत्रिका आणि उत्तरतालिका संकेतस्थळावर देते. ती कायम तिथे राहत नाही, म्हणून वेळेत उतरवून घ्या. मग प्रश्नपत्रिका समोर ठेवून प्रत्येक चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रश्नासमोर कारण लिहा:

• धडा आलाच नव्हता
• वाचलं होतं, पण आठवलं नाही
• प्रश्न नीट वाचला नाही किंवा आकडेमोड चुकली
• अंदाजाने गोल रंगवला

पहिल्या कारणाचे प्रश्न जास्त असतील तर शिकवणीची गरज आहे. दुसऱ्याचे जास्त असतील तर उजळणीची. तिसऱ्या-चौथ्याचे जास्त असतील तर नव्या क्लासचे पैसे वाया जाणार, तुम्हाला हवा आहे घड्याळ लावून सोडवलेल्या पेपरांचा सराव. हे काम दोन दिवसांचं आहे. पण ते न करताच जुलैमध्ये पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात करणारी मुलं, जे आधीच येतं तेच पुन्हा वाचत बसतात. त्यात बरंही वाटतं आणि वर्षही जातं.

मराठीतून पेपर देणाऱ्यांसाठी एक सूचना. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरला जातो. म्हणून विज्ञानाचे इंग्रजी शब्द ओळखीचे करून घेणं हाही तयारीचाच भाग आहे.

कागदपत्रं: फुकट हुकणारी जागा

मार्क आहेत, क्रमांक आहे, पण कागद नाही. दरवर्षी प्रवेश फेऱ्यांच्या दिवसांत सेतू केंद्रांसमोर जी पळापळ दिसते, ती याचीच. रिपीटरकडे इतरांपेक्षा एक गोष्ट जास्त आहे, वेळ. अभ्यासाला धक्का न लावता आई-वडिलांनी हे काम दिवाळीपर्यंत उरकून टाकावं.

• जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी. वैधतेला महिने लागू शकतात.
• नॉन-क्रीमीलेअर. मुदत संपलेली चालत नाही. मागच्या वर्षीचं काढलेलं आहे म्हणून गाफील राहू नका.
• ओबीसी असाल तर १५ टक्के अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते.
• अधिवास प्रमाणपत्र आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र.
• दहावीची गुणपत्रिका, आधार आणि नीटचा अर्ज या तिन्हींवरचं नाव एकसारखं हवं.

बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० आणि राखीव गटांना ४० टक्के लागतात, हेही तपासून घ्या. नीटच्या नादात बोर्ड बुडालेलं असेल, तर श्रेणीसुधार परीक्षेचा विचार आधी करावा लागेल.

वऱ्हाडात जागा वाढल्या, मग आपल्याला सोपं झालं का?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी अमरावती विभागात सरकारी मेडिकल कॉलेजं दोनच होती, यवतमाळ (१९८९) आणि अकोला (२००२). अमरावतीत १९८४ पासून पंजाबराव देशमुख मेडिकल कॉलेज आहे, पण ते श्री शिवाजी शिक्षण संस्थेचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नवीन सरकारी कॉलेजं सुरू झाली, त्यांच्या एकूण ९०० जागा. त्यात अमरावती, बुलडाणा आणि वाशीम होते. म्हणजे आता विभागाच्या पाचही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

पण या जागा वऱ्हाडातल्या मुलांसाठी राखीव नाहीत. पूर्वी राज्यात ७०:३० चं सूत्र होतं. विदर्भातल्या कॉलेजांच्या ७० टक्के जागा विदर्भातल्या मुलांना, बाकी ३० टक्के राज्यभरासाठी. मराठवाड्यात कॉलेजं कमी आणि स्पर्धा जास्त, त्यामुळे तिथून या सूत्राला मोठा विरोध होता. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ते रद्द केलं. आता राज्याच्या ८५ टक्के कोट्यात लातूरचा मुलगा अमरावतीत येऊ शकतो आणि बडनेऱ्याची मुलगी सिंधुदुर्गात जाऊ शकते.

याचा धडा सरळ आहे. स्पर्धा अख्ख्या राज्याशी आहे, तर फॉर्मही अख्ख्या राज्याचा भरा. "अकोला, अमरावती, यवतमाळ, नागपूर, बस" एवढंच लिहून थांबणारे पालक स्वतःच्या हाताने दार बंद करतात. नंदुरबार, सिंधुदुर्ग, गडचिरोली ही नावं दूरची वाटतात, पण पदवी तीच आहे. साधारणपणे मुंबई-पुण्याची जुनी कॉलेजं आधी भरतात आणि नवी, लांबची नंतर.

आणखी एक गैरसमज: "वरचं कॉलेज पहिलं टाकलं तर खालचं हातचं जाईल." तसं होत नाही. यादी वरून खाली वाचली जाते. पहिलं मिळत नसेल तर दुसरं तपासलं जातं. म्हणून क्रम मनाच्या इच्छेने लावा. मिळालं तरी जाणारच नाही, असं नाव मात्र लिहू नका.

कोटा, लातूर की घरीच?

जागा बदलल्याने चुका बदलत नाहीत. तुमच्या पंचनाम्यात काय निघालं, त्यावर हे ठरवा. ड्रॉप घेऊन कोट्याला गेल्याने राज्याच्या कोट्याला काही होत नाही, कारण दहावी-बारावी इथे झालेली आहे. पण धाकट्या भावाची अकरावी-बारावीच राजस्थानात टाकायची असेल तर थांबा. राज्याच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, सवलत मोजक्यांनाच मिळते.

क्लासची फी एकदम भरू नका. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, की मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. अंमलबजावणी राज्यांवर अवलंबून आहे. म्हणून परताव्याची अट पावतीवर लिहून घेतलेली बरी.

ड्रॉप कधी घेऊ नये?

दुसरा किंवा तिसरा ड्रॉप असेल आणि क्रमांक जागचा हलला नसेल तर. मुलाला स्वतःला नको असेल आणि फक्त घराला हवं असेल तर. सोयाबीन विकून, कर्ज काढून पैसा उभा करायचा असेल आणि मार्क कुठून वाढणार याचं उत्तर कोणाकडेच नसेल तर.

नीटच्याच गुणांवर बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यक असे रस्ते निघतात. बीएस्सीला नाव घालून सोबत तयारी करणारीही बरीच मुलं आहेत, वर्ष कोरं जात नाही.

पुन्हा देणाऱ्यांनी फेऱ्यांचा एक नियम मात्र विसरू नये. केंद्रीय समुपदेशनाच्या शेवटच्या, म्हणजे स्ट्रे फेरीत जागा मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर अनामत जप्त होते आणि पुढच्या वर्षीची नीट देता येत नाही. 'पाहू तरी मिळते का' म्हणून भरलेला फॉर्म अख्खं वर्ष खाऊ शकतो.

आणि हे वर्ष एकट्याने काढायचं नसतं. मित्र कॉलेजात गेलेले असतात, नातेवाईक विचारत राहतात. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणंच नको वाटू लागलं, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

निर्णय घ्यायच्या आधी घरात एक कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा: आपला क्रमांक शेवटच्या जागेपासून किती दूर होता, मार्क कोणत्या चुकांमुळे गेले, आणि कोणता दाखला अजून काढायचा आहे. हे लिहिता आलं, तर वर्ष द्या. नाही आलं, तर आधी ते शोधा. क्लासची चौकशी त्यानंतर.