उटणे घरचेच असावे
आश्विन वद्य चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी अलीकडे उटण्याची पुडी बाजारातून येते. आमच्या मते ते घरीच सिद्ध व्हावे. आंबेहळद, नागरमोथा, कचोरा व वाळा कुटून वस्त्रगाळ करावा आणि मसुराच्या पिठात मिसळावा. प्रथम तिळाचे तेल, मग दुधात कालवलेले उटणे. पीठ तेलासह मळ ओढून घेते, त्वचा मऊ होते. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्येत उद्वर्तनास स्थान दिले, ते उगीच नव्हे.

मात्र घरादाराला न्हाऊमाखू घालणारी माउली स्वतः शेवटी घाईने दोन तांबे अंगावर घेते. यंदा सूर्योदयापूर्वी तिलाही पाटावर बसवावे, लेकीसुनांनी तिच्या पाठीस उटणे लावावे. त्यावाचून घराचे अभ्यंग अपुरेच, असे आम्ही मानतो.