तारीख पुढे गेली की

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत खुर्चीला खुर्ची लावून मुलं बसलेली असतात. समोर पाण्याची बाटली, भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक. एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांची ४३. आशा लांबते तशी तगमगही. ऑगस्ट २०२४मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली, मुलं रस्त्यावर बसली, तारीख पुढे गेली. अशा प्रत्येक तारखेमागे खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि गावाकडून येणारा ‘काय झालं रे निकालाचं?’ हा फोन असतो. घरच्यांनी, कळकळीची विनंती आहे, फोनवर फक्त ‘जेवलास का?’ एवढंच विचारावं. आणि मिळेल ती नोकरी धरून अभ्यास करणाऱ्याला पळपुटा म्हणू नये. हातात चार पैसे आले की त्याला रात्रीची झोप तरी लागते.