वाडा, नाडा आणि शेजारी

वाडा म्हटलं की आपल्याला शनिवारवाडा आठवतो आणि नाडा म्हटलं की... जाऊ दे, संपादक कापतील. पण खेळाच्या जगात हे दोन शब्द ऐकले की भल्याभल्यांना घाम फुटतो. वाडा म्हणजे डोपिंगविरुद्धची जागतिक संस्था, १९९९ साली स्थापन झालेली, ऑफिस कॅनडात मॉन्ट्रियलला. नाडा म्हणजे तिच्या नियमांप्रमाणे भारतात टेस्ट घेणारी आपली संस्था, २००५ सालची. या दोघींच्या मध्ये तिसरी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल पेपरात कधी चार ओळी येत नाहीत. तिचं नाव राडो. (राडा नव्हे!) आजूबाजूच्या देशांनी मिळून चालवलेली प्रादेशिक संस्था.

वाडाने ही कल्पना २००४ च्या सुमारास सुरू केली. आज अशा बारा संस्था आहेत आणि शंभरावर देश त्यांत आहेत. कारण साधं आहे. नाउरू किंवा तुवालू या देशांची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. त्यांनी स्वतःचे टेस्ट घेणारे अधिकारी, डॉक्टर, वकील, सुनावणीचं पॅनेल हे सगळं कुठून आणायचं? आणि आणलं तरी तिथे प्रत्येक जण प्रत्येकाचा मामा नाहीतर मेहुणा. म्हणून पॅसिफिकमधल्या बेटांनी फिजीची राजधानी सुवा इथे एकत्र ऑफिस केलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संस्था त्यांना मदत करतात.

आपल्या भागातही अशी संस्था आहे, दक्षिण आशियाची, तिला सराडो म्हणतात. ३ जुलै २०२३ ला दिल्लीत नाडाने तिच्याशी करार केला. बांगलादेश, भूतान, मालदीव, नेपाळ, श्रीलंका इथल्या लोकांना सॅम्पल घेण्याचं आणि खेळाडूंना माहिती देण्याचं शिक्षण आपण द्यायचं, असा त्याचा एकंदर सूर. म्हणजे आपण मोठे भाऊ, ते धाकटे. मला आक्षेप आहे तो इथेच.

मोठ्या भावाची मार्कशीट बघा. वाडाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली भारतात ३,८६५ सॅम्पल तपासली आणि १२५ पॉझिटिव्ह निघाली. २०२३ साली ५,६०६ सॅम्पल, प्रमाण ३.८ टक्के. २०२४ साली ७,११३ सॅम्पल, २६० पॉझिटिव्ह. भरपूर टेस्ट घेणाऱ्या देशांत तिन्ही वर्षं आपलं प्रमाण सगळ्यांत वर. काही जण म्हणतात, टेस्ट वाढल्या म्हणून पकडले जाणारे वाढले. अहो, पण २०२३ साली चीनने अठ्ठावीस हजारांवर सॅम्पल तपासली आणि त्यांचं प्रमाण ०.२ टक्के आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्याच्या ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे लोक येताच मुलांच्या १०० मीटर फायनलला एकच जण धावायला उरला, हे आपण सगळ्यांनी वाचलंच. स्टेडियमच्या बाथरूममध्ये सिरिंज पडलेल्या होत्या. ही तर आपल्याच वयाची मुलं. आणि जिममध्ये बिनालेबलच्या डब्यातली पावडर 'सर देतात' म्हणून खाणारे आपल्यातही कमी नाहीत.

तेव्हा माझं म्हणणं असं की, राडो ही लहान देशांसाठी केलेली समाजसेवा नाही. तिची गरज आपल्याला त्यांच्याहून जास्त आहे.

यातला माझा आवडता भाग थोडा इंजिनीअरिंगचा आहे, बाकीच्यांनी एक परिच्छेद सहन करावा. खेळाडूच्या रक्ताचा एक 'पासपोर्ट' असतो. वर्षानुवर्षं रक्तातले आकडे नोंदवायचे आणि ते अचानक उड्या मारायला लागले की संशय घ्यायचा. पण रक्त प्रवासात खराब होतं. म्हणून वाडाने एक फॉर्म्युला ठरवला: प्रवासातल्या सरासरी तापमानाची तिप्पट, अधिक सॅम्पल घेतल्यापासून तपासणीपर्यंतचे तास. ही बेरीज ८५ च्या वर गेली की सॅम्पलवर भरवसा नाही. आता करा हिशोब. बॉक्स ५ अंशांवर ठेवला तर १५ गेले, हातात ७० तास. २० अंशांवर गेला तर फक्त २५ तास. ४० अंशांच्या उन्हात राहिला तर तिप्पट करतानाच १२०, घड्याळ बघायची गरजच नाही! एवढ्या साध्या बेरजेवर कोणाचं करिअर उभं राहणार की आडवं होणार ते ठरतं. केनियाच्या धावपटूंचं रक्त आधी देशाबाहेर न्यावं लागायचं. २०१८ साली नैरोबीतच वाडाच्या मान्यतेची रक्त तपासणारी लॅब सुरू झाली, तेव्हा पूर्व आफ्रिकेच्या डोंगरात सराव करणाऱ्यांना गाठणं सोपं झालं. हिमालयात सराव करणारा नेपाळी किंवा भूतानी धावपटू घ्या. त्याच्यासाठी जवळची लॅब कुठली? आपली दिल्लीची. मग कस्टम्स, कुरिअर, बर्फाचे बॉक्स यांची सोय दोन देशांनी मिळून आधीच लावून ठेवायला नको का? ७० तासांतले ३० एखाद्या विमानतळावर कागद शोधण्यात गेले तर सगळंच वाया.

बरं, लॅबच्या बाबतीत आपणही दुसऱ्याच्या दारात उभे राहिलो आहोतच. ऑगस्ट २०१९ मध्ये वाडाने दिल्लीच्या लॅबची मान्यता काढून घेतली, ती परत मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये. मधल्या काळात आपली सॅम्पल कतारला, दोहाच्या लॅबमध्ये जात होती. तेव्हा कोणाचा स्वाभिमान दुखावल्याचं ऐकलं नाही.

आता सगळ्यांत नाजूक मुद्दा, सुनावणीचा. नरसिंग यादव आठवतो? तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर पॉझिटिव्ह निघाला. आपल्यावर कट झाला असं त्याने सांगितलं आणि १ ऑगस्ट २०१६ ला नाडाच्या पॅनेलने त्याला सोडलं. आपण पेढे वाटले. वाडा अपिलात गेली आणि १८ ऑगस्टला रिओतच क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी. कोण खरं, कोण खोटं यात मी पडत नाही. पण सगळा देश ज्याच्यासाठी प्रार्थना करतोय त्याचा निकाल त्याच देशातल्या माणसांनी द्यायचा, हे माणसांवरच अन्याय केल्यासारखं आहे. तिथे श्रीलंकेचा एखादा निवृत्त न्यायाधीश आणि बांगलादेशचा एखादा डॉक्टर बसला असता, तर सुटका झाली काय किंवा शिक्षा झाली काय, तिला वजन आलं असतं. पॅसिफिकच्या बेटांना जी नात्यागोत्याची अडचण, तीच आपल्याला, फक्त आपलं गाव १४० कोटींचं.

जमैकाचं उदाहरण यासाठीच बोलकं आहे. लंडन ऑलिंपिकच्या आधीच्या पाचेक महिन्यांत त्यांच्या संस्थेने स्पर्धेबाहेरची फक्त एक टेस्ट घेतली होती, हे तिच्याच माजी प्रमुख बाईंनी २०१३ साली जाहीरपणे लिहिलं. देशात त्यांच्यावर केवढी टीका झाली! पण शेवटी वाडाचे लोक येऊन गेले, अख्ख्या बोर्डाने राजीनामे दिले आणि कॅनडाच्या संस्थेने हात धरून त्यांना काम शिकवलं. जगातले सगळ्यांत वेगवान लोक ज्यांचे, त्यांना शिकण्यात कमीपणा वाटला नाही.

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे सगळं गोडगोड असतं असंही नाही. २०२१ साली चीनचे २३ जलतरणपटू पॉझिटिव्ह आले, ते खाण्यातल्या भेसळीमुळे हे म्हणणं वाडाने मान्य केलं, आणि २०२४ मध्ये ते बाहेर आल्यावर अमेरिकेने वाडाची वर्गणीच रोखली. वाडाचा निम्मा पैसा सरकारांकडून येतो, त्यामुळे मोठा देश रुसला की चटके लहानांना बसतात. म्हणूनच मला शेजाऱ्यांची संस्था जास्त भरवशाची वाटते. खर्च कमी, अंतर कमी आणि कोणी एक जण रुसला तरी दुकान बंद पडत नाही.

२०३० चे कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला आहेत आणि २०३६ चं ऑलिंपिक आपल्याला हवं आहे. तेव्हा करारात एक कलम उलट दिशेचंही टाका. काठमांडू आणि कोलंबोचे अधिकारी पतियाळाच्या कॅम्पमध्ये पहाटे पाच वाजता न सांगता येऊन आपल्या खेळाडूंची सॅम्पल घेतील, आणि गेटवरचा वॉचमन त्यांना 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणून बाहेर बसवणार नाही.