टीझ नदी : उगमापासून मुखापर्यंत

इंग्लंडच्या नकाशात उत्तरेकडे गेलेली पेनाइन्सची डोंगररांग शोधा. क्रॉस फेल हे तिचे सर्वांत उंच शिखर, 893 मीटर. त्याच्या उतारावरच्या दलदलीतून टीझ नदी निघते आणि सुमारे 137 किलोमीटर वाहून उत्तर समुद्राला मिळते.

उगमाजवळच्या उघड्या माळावर वसंतात जेन्शियनची गर्द निळी फुले येतात. हिमयुगानंतर टिकून राहिलेली ही वनस्पती इंग्लंडमध्ये फक्त याच खोऱ्यात रानात उगवते. त्याच माळावर 1960 नंतरच्या काळात धरणाची योजना आली. मुखाजवळच्या रसायन कारखान्यांना पाणी कमी पडत होते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला, संसदेत वाद झाला. पण 1967 मध्ये कायदा मंजूर झाला आणि 1971 मध्ये काऊ ग्रीन धरण पूर्ण झाले. फुलांच्या माळाचा काही भाग पाण्याखाली गेला. हजारो कामगारांची चूल त्या कारखान्यांवर पेटत होती, म्हणून निर्णय घेणाऱ्यांना सरसकट दोष देणे मला जड जाते. फुलांसाठी भांडणारेही चूक नव्हते.

या धरणाचे पाणी नळातून नेत नाहीत. कोरड्या दिवसांत ते नदीतच सोडतात आणि खाली उचलून घेतात.

धरणाखाली काळ्या कठीण खडकावरून नदी कोसळते. हाय फोर्स धबधबा 21 मीटरचा आहे. पुढे बार्नार्ड कॅसल, यार्म आणि मग स्टॉकटन. घासून पेटणारी आगकाडी 1827 मध्ये प्रथम विकली ती इथल्याच जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने. पेटंट मात्र त्याने घेतले नाही!

मिडल्सब्रो हे पोलादाचे शहर. सिडनीचा 1932 चा प्रसिद्ध पूल इथल्या डॉर्मन लाँग कंपनीने बांधला. गावातल्या 1911 च्या पुलावर तर गाड्या लोंबत्या पाळण्यात बसून नदी ओलांडत. 2019 पासून तो बंद आहे. या उद्योगांच्या सांडपाण्याने नदीचा खालचा भाग इतका नासला की सॅल्मन मासे दिसेनासे झाले.

पुढे सांडपाण्यावर बंधने आली, बरेच कारखाने मिटले. रेडकारची पोलादाची भट्टी 2015 मध्ये विझली. सॅल्मन परतले, मुखाच्या वाळूवर सील पिल्ले घालू लागले. स्टॉकटनजवळच्या 1995 च्या बंधाऱ्यापाशी मासे अडखळतात, तेव्हा तेच सील त्यांना टिपायला टपून असतात.

धरण जागच्या जागी आहे. त्याच्या काठी उरलेल्या माळावर जेन्शियन अजून फुलते.