पीनट बटर सुरक्षित कोण ठेवतं?

अन्नसुरक्षा म्हटलं की पांढरा कोट घातलेला, हातात पेट्री डिश धरलेला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डोळ्यांसमोर येतो. मी त्याच जमातीतला, त्यामुळे हे चित्र मला आवडायला हवं. पण बरणीतलं पीनट बटर सुरक्षित आहे की नाही हे माझ्यासारख्यांपेक्षा कारखान्यातला प्रॉडक्शन मॅनेजर जास्त ठरवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी गणित पाहू. समजा, एका बॅचमधल्या शंभरातल्या एका नमुन्यात साल्मोनेला आहे. आपण 60 नमुने तपासले, तर एकातही तो न सापडण्याची शक्यता 0.99 चा 60 वा घात, म्हणजे जवळजवळ 55 टक्के! अर्ध्याहून जास्त वेळा प्रयोगशाळा प्रामाणिकपणे 'निगेटिव्ह' लिहील आणि माल बाजारात जाईल.

त्यात पीनट बटरमध्ये पाणी नगण्य. अशा जागी साल्मोनेला वाढत नाही, पण मरतही नाही. महिनोन्‌महिने तग धरतो. कोरड्या, तेलकट पदार्थात तो उष्णतेलाही दाद देत नाही. दूध 72 अंशांवर 15 सेकंदांत पाश्चराइज होतं, इथे तेवढ्याने काहीच होत नाही. म्हणून भरवशाची पायरी एकच, दाणे भाजण्याची.

घरी कुटासाठी दाणे भाजताना साल सुटलं, खमंग वास आला की आपण गॅस बंद करतो. कारखान्यात दाणे पट्ट्यावरून भट्टीतून जातात. पट्ट्याचा वेग, दाण्यांच्या थराची जाडी आणि तापमान, या तिन्ही गोष्टी प्रॉडक्शन मॅनेजरच्या हातात. ऑर्डर तुंबली म्हणून पट्टा थोडा जोरात सोडला तरी दाण्यांचा रंग ठीक दिसू शकतो. पण थरातल्या सर्वांत थंड जागी जंतू मेले का, ते रंगावरून कळत नाही. कच्चे दाणे भाजलेल्यांपासून लांब ठेवायचे, छत गळत असेल तर काम थांबवायचं, कोरड्या भागात पाण्याचा पाइप घेऊन धुवायचं नाही (स्वच्छतेच्या उत्साहात हे हमखास होतं, आणि जंतूंना हवं असलेलं पाणी आपणच पुरवतो), हेही त्याचंच काम.

हे सगळं चुकलं की काय होतं ते अमेरिकेने 2008-09 मध्ये पाहिलं. पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकाच्या जॉर्जियातल्या ब्लेकली इथल्या कारखान्यातून साल्मोनेला पसरला. 46 राज्यांत 714 जण आजारी पडल्याची नोंद झाली, 9 मृत्यूंशी या साथीचा संबंध जोडला गेला, 3,900 हून जास्त उत्पादनं परत मागवावी लागली. भाजण्याने जंतू खरोखर मरतात का, हे तिथे कधी तपासलंच नव्हतं, असं एफडीएच्या तपासणीत आढळलं. आणि चाचणी पॉझिटिव्ह आल्यावरही माल पाठवला गेला होता. 2015 मध्ये मालक स्टुअर्ट पार्नेल यांना 28 वर्षांची शिक्षा झाली. गुणवत्ता विभागाच्या व्यवस्थापकाला 5 वर्षांची, कारखाना चालवणाऱ्या व्यवस्थापकाला 3 वर्षांची.

या शेवटच्या माणसाची कीव करावी असं मी म्हणत नाही. पण ज्याचा बोनस टनांवर ठरतो, त्याच्याकडून पट्टा हळू चालवण्याची अपेक्षा करणं भाबडेपणाचं आहे. 2011 च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे अमेरिकेत अशा पायऱ्या आता शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध कराव्या लागतात. हे उत्तमच. पण कायदा बोनसचं सूत्र ठरवत नाही. अडवून ठेवलेली बॅच मॅनेजरच्या खात्यात तूट म्हणून धरू नये, आणि मालकाला फोन न करता पट्टा थांबवायचा अधिकार त्याला लेखी मिळावा.

आणि आम्हा संशोधकांसाठी एक: भट्टीचे आमचे आलेख शोधनिबंधांत पडून असतात. ते भट्टीशेजारच्या भिंतीवर, रात्रपाळीच्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत लावायला काय हरकत आहे?